ऑपरेटरसाहेबांची गुणगुण

कवळीकाकांना सगळे कवळीकाकाच म्हणत, आणि त्यात थट्टा फार थोडी होती. गावातल्या सहा-सात दंतवैद्यांना कवळ्या करून देणारे ते एकटेच होते. एका दवाखान्याच्या मागच्या बाजूला त्यांच्या दोन खोल्या होत्या. पहिलीत प्लास्टरची पोती, मेण वितळवायचा छोटा दिवा आणि फळ्यांवर ओळीनं मांडलेले लोकांच्या जबड्यांचे पांढरे साचे. दुसरीत पॉलिशची मोटर आणि तिच्यामुळे सगळ्या वस्तूंवर बसलेली गुलाबी धूळ. मापं खोक्यातून येत आणि कवळ्या खोक्यातून जात. ज्याच्या तोंडात ती कवळी बसणार, तो माणूस काकांनी बहुधा कधी पाहिलेला नसे.

त्यांचं दुसरं काम म्हणजे गुणगुण. त्या कामाबद्दल दंतवैद्यांना काही माहीत नव्हतं, आणि घरात बायकोला जरा जास्तच माहीत होतं.

गुणगुण हा संगणकावर गाणी वाजवायचा प्रोग्राम. वीस वर्षांपूर्वी काकांकडे एक म्हातारा संगणक आला आणि एका ओळखीच्या दंतवैद्याच्या भावानं त्यावर लायनक्स ही यंत्र चालवणारी फुकटची प्रणाली घालून दिली. गाणी वाजवायचे तेव्हाचे प्रोग्राम त्या यंत्रावर चालताना धापा टाकायचे. काकांनी एक जाडजूड पुस्तक आणलं आणि कामावर जाण्याआधी रोज सकाळी दोन तास असं करत करत, तीन वर्षांत स्वतःचा प्रोग्राम उभा केला. हलका, साधा, फालतू चमचमाट नसलेला. फुकट वाटला. पुढे तो लायनक्सच्या एका मोठ्या संग्रहात शिरला, म्हणजे कुणीही एक ओळ टाइप करावी आणि गुणगुण यंत्रावर हजर. एके काळी हजारो लोक ती वापरत. कुठकुठून ईमेलनं पत्रं येत, कुणी चुका दाखवी, कुणी दुरुस्त्याच करून पाठवी.

"तुमची ती काय म्हणतेय आज?" बायको विचारायची. ती घरी पडदे शिवायची, आणि शिवणाच्या यंत्रावरून मान वर न करता टोमणा मारण्यात तिचा हात कुणी धरला नसता.

मग माणसं पांगली. गाणी फोनवर आली, तिथेच राहिली. दुरुस्त्या पाठवणारे नोकऱ्यांना लागले, त्यांना मुलंबाळं झाली. महिन्याला शंभर पत्रं यायची तिथे दहा यायला लागली, मग दोन, मग तीही नाही. शेवटी एकच माणूस नेमानं लिहीत राहिला. ते ऑपरेटरसाहेब.

ऑपरेटरसाहेब टेलिफोन एक्स्चेंजमधून निवृत्त झालेले. जन्मापासून अंध. त्यांचं पहिलं पत्र आठ वर्षांपूर्वी आलं होतं. त्यात लिहिलं होतं: 'तुमचा प्रोग्राम चांगला आहे असं ऐकतो. पण माझा वाचक त्यात मुका होतो. बाकीचे प्रोग्राम बोलतात, पण फार बडबडतात. काही करता येईल का?' वाचक म्हणजे पडद्यावर जे असेल ते मोठ्यानं म्हणून दाखवणारा प्रोग्राम. अंध माणसाला संगणकावर तोच डोळा.

काकांनी दोन महिने खपून गुणगुणला बोलकं केलं. मग ऑपरेटरसाहेबांनी दुसरी मागणी घातली, आणि ती काकांना फार आवडली. त्यांच्याकडे नऊ हजार गाणी होती, सगळी जन्मभराच्या टेपांवरून उतरवलेली. प्रत्येक गाण्याला एक कायमचा नंबर हवा. नंबर दाबला की गाणं लागलं पाहिजे, मध्ये काही नको.

'चौतीस वर्षं मी नंबर लक्षात ठेवण्याचंच काम केलं,' त्यांनी लिहिलं होतं. 'गावातल्या दोन हजार फोनांचे नंबर मला पाठ होते. माणूस बोलला की माझी बोटं आपोआप चालायची. गाणीही तशीच लावता आली तर बरं.'

काकांनी नंबर दिले. ऑपरेटरसाहेबांनी वर्षभरात सगळी नऊ हजार नसली तरी तीनेक हजार गाणी पाठ केली, आणि मग पत्रांतून तसंच बोलायला लागले. 'आज सकाळी १४०२ तीनदा ऐकलं.' काका आपल्या यंत्रावर त्यांनी पाठवलेली यादी उघडून बघायचे, ते गाणं शोधून ऐकायचे आणि दोन ओळी उलट पाठवायचे. दोघांनी एकमेकांचा आवाजही कधी ऐकला नव्हता. फोन करावा असं दोघांपैकी कुणाच्या मनात कसं आलं नाही, कोण जाणे.

एका सोमवारी पत्र आलं. 'कालपासून गुणगुण नाही. मुलीनं यंत्र नवीन करून घेतलं. दुरुस्तीवाला म्हणतो, नव्या लायनक्समध्ये ती मिळत नाही.'

काकांना हे ठाऊक होतं. संग्रहवाल्यांची सूचना सहा महिन्यांपूर्वीच आली होती. पडद्यावर खिडक्या, याद्या, बटणं काढून देणारी, तयार कोडची जी जुनी लायब्ररी होती, तिच्यावर गुणगुण उभी होती. ती लायब्ररी आता कायमची काढून टाकणार होते. जे प्रोग्राम नव्या लायब्ररीवर जाणार नाहीत, तेही बाहेर. काकांनी ती सूचना वाचली होती आणि पुढच्या आठवड्यावर ढकलली होती. असे सव्वीस आठवडे गेले.

त्यांनी लगेच उत्तर लिहिलं: 'आठ दिवसांत नवी आवृत्ती देतो.'

"आठ दिवस?" बायको म्हणाली. "परवा नळाचा वॉशर बदलायला तुम्हाला तीन आठवडे लागले."

"नळ वेगळा. हे माझं स्वतःचं बांधलेलं आहे."

"म्हणूनच विचारते."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्यांनी नव्या लायब्ररीवर गुणगुण कंपाइल करायला घेतली. कंपाइल म्हणजे माणसानं लिहिलेलं यंत्राला कळेल अशा रूपात बांधणं. बांधता आलं नाही की यंत्र चुका मोजून दाखवतं. त्या दिवशी त्यानं अकराशे सत्तर दाखवल्या. काका चहा हातात धरून तो आकडा बघत राहिले. वीस वर्षं जे शब्द यंत्राला समजत होते, ते एकाएकी त्याच्या ओळखीचेच राहिले नव्हते.

आठ दिवसांत त्या अकराशेच्या नऊशे झाल्या. दोन महिन्यांत चाळीस. एका रविवारी दुपारी शून्य झाल्या, आणि काकांनी बायकोला हाक मारली. ती हातातला पडदा तसाच घेऊन आली. खिडकी उघडली, यादी दिसली, काकांनी गाणं लावलं. वेळाचा आकडा एक, दोन, तीन असा पुढे सरकायला लागला. आवाज काही आला नाही.

"हळू लावलंय का?" बायकोनं विचारलं.

"नाही."

ती पडदा सावरत परत गेली.

आवाजाचं कारण सापडायला तीन आठवडे लागले. जुनी गुणगुण आवाज थेट स्पीकरच्या यंत्रणेकडे सोडायची. नव्या लायनक्समध्ये मध्ये एक दरवान बसवला होता, आणि सगळे आवाज त्याच्यामार्फतच जायचे. काका मागच्या दारानं आत शिरू बघत होते, आणि ते दार बंद होतं. दुरुस्ती फक्त चार ओळींची होती. आवाज आला त्या दिवशी ऑपरेटरसाहेबांना कळवलं: 'वाजायला लागली. आता थोडंच राहिलं.'

ऑपरेटरसाहेबांनी लिहिलं: 'वाट बघतो. दुसरे दोन प्रोग्राम घालून बघितले, नंबर कुणीच देत नाही. सध्या रेडिओ ऐकतो.'

मग गाणं बदललं की गुणगुण कोसळायला, म्हणजे मध्येच आपोआप बंद पडायला लागली. दर वेळी नाही, सातव्या-आठव्या गाण्याला. जी चूक दर वेळी होत नाही ती धरणं म्हणजे घरात शिरलेला उंदीर धरण्यासारखं. काकांनी पुस्तकात शिकले होते ते सगळं केलं. ओळीओळीला खुणा छापून घेतल्या, कोसळण्याच्या क्षणी कोण काय करत होतं त्याच्या नोंदी काढल्या, वहीत तारखेवार लिहिल्या. गाणं वाजवणारा भाग आणि खिडकी रंगवणारा भाग एकाच यादीला एकदम हात घालत होते. जुनी लायब्ररी डोळेझाक करायची. नवीला खपत नव्हतं. हे निस्तरेपर्यंत पावणेपाच महिने झाले होते.

याच सुमारास कवळीचं प्रकरण झालं. एका बाईंची खालची कवळी काकांनी भलत्याच साच्यावर बांधली. शेजारशेजारचे दोन साचे, नंबर लिहिलेले, तरी उचलला दुसराच. दंतवैद्य स्वतः मागच्या दारानं आली. तरुण मुलगी होती, वडिलांचा दवाखाना नुकताच हातात घेतलेला.

"काका, बाईंना तोंडच मिटता येत नाहीये."

काकांनी कवळी हातात घेतली आणि पाहताक्षणी त्यांना चूक कळली. "माझंच चुकलं. परवा देतो."

"परवा त्यांच्या मुलाचं लग्न आहे."

काकांनी बाईंचा खरा साचा फळीवरून उतरवला. ती म्हणाली, "तुमची तब्येत बरी आहे ना? बाबा म्हणायचे, काकांकडून आलेली कवळी मी परत तपासत नाही."

"तब्येत बरी आहे."

"मग ठीक," ती म्हणाली. पण तिनं तो जबड्याचा साचा उचलून त्यावरचा नंबर स्वतः वाचून बघितला आणि मगच गेली. काकांना ते फार लागलं.

एवढं होऊनही खरं घोडं पुढेच अडलं. गुणगुण वाजत होती, कोसळत नव्हती, पण वाचक तिच्यात मुका होता. गाण्यांची यादी काकांनी फार पूर्वी स्वतःच्या हातानं रेखलेली होती, तयार यादी न वापरता. म्हणूनच ती एवढी हलकी होती. डोळ्यांना ती यादी दिसायची. वाचकाला मात्र तिथे एक मोठा कोरा चौकोन सापडायचा. जुन्या लायब्ररीत काकांनी त्या चौकोनाला बोलकं करायची वाट काढली होती. नव्या लायब्ररीत ती वाटच नव्हती.

त्यांनी लायब्ररी बनवणाऱ्यांच्या चर्चेत प्रश्न टाकला. सविस्तर लिहिला, एक अंध गृहस्थ वाट बघताहेत हेही लिहिलं. नऊ दिवसांनी एका ओळीचं उत्तर आलं: स्वतः रेखलेल्या याद्या वापरू नका, आमची तयार यादी वापरा. त्याखाली कुणीतरी विचारलं होतं, हा प्रोग्राम अजून कोण वापरतं?

तयार यादी बोलत होती. पण यादीचा क्रम बदलला की तिच्यात नंबरही बदलायचे, आणि नंबर गेले तर गुणगुण कशाला हवी. काकांनी तिच्या पोटात शिरून नंबर धरून ठेवायची व्यवस्था करायला घेतली आणि तिथे त्यांच्या नाकी नऊ आले. एक सांधलं की दुसरं उसवायचं.

एकदा बायको खोलीत आली तर काका काळ्या पडद्यासमोर ताठ बसलेले, बोटं कळांवर.

"वीज गेली?"

"नाही. पडदा बंद केलाय. त्यांना ऐकू येतं तसं मला ऐकू येतंय का बघतोय."

ती शेजारी बसली. यंत्रातून सपाट आवाज आला, 'यादी. ओळ बावीस. रिकामी.' काकांनी कळ दाबली. 'ओळ तेवीस. रिकामी.'

"सगळंच रिकामं म्हणतोय हो तो," ती म्हणाली. या वेळी तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. "सोडून द्या ना आता. माणसानं किती करायचं?"

"आठ दिवस म्हणालो होतो मी त्यांना."

"त्यांनी तगादा लावलाय का?"

तगादा नव्हता, तीच तर अडचण होती. ऑपरेटरसाहेबांची पत्रं आखूड होत गेली होती. आधी 'घाई नाही', मग 'तब्येत सांभाळा', मग नुसतं 'पत्र मिळालं'. गाण्यांचे नंबर त्यांत येईनासे झाले. काकांच्या ते उशिरा लक्षात आलं.

चौदाव्या महिन्यात एका सकाळी वाचक म्हणाला, 'ओळ तेवीस', आणि पुढे गाण्याचं नाव घेतलं. नंबर दाबला, गाणं लागलं. क्रम उलटापालटा केला, पुन्हा नंबर दाबला, तेच गाणं लागलं. काकांनी पन्नास वेळा तपासलं. आनंद असा काही झाला नाही. नुसता थकवा आला, आणि ते तसेच कामावर गेले.

त्यांनी कळवलं. उत्तर नाही. पुन्हा कळवलं. दहा दिवसांनी मुलीचं उत्तर आलं: बाबा हल्ली संगणकावर बसत नाहीत, पण तुम्ही एकदा घरी आलात तर त्यांना फार बरं वाटेल.

काका चार तासांचा बस प्रवास करून गेले. तिसऱ्या मजल्यावरचं घर, दारातच मुलगी. ऑपरेटरसाहेब खिडकीपाशी खुर्चीत बसलेले. काकांनी मनात एक उंच, भारदस्त माणूस धरला होता. हे बुटके होते, स्वेटरची बटणं वरखाली लागलेली. आवाज मात्र तयारीचा, स्वच्छ.

"या साहेब. तुमचा आवाज असा असेल असं वाटलं नव्हतं मला."

"कसा वाटला होता?"

"जाड. पत्रं जाड आवाजात लिहिता तुम्ही."

दोघंही हसले. मुलीनं चहा दिला. मग काकांनी कोपऱ्यातल्या संगणकावरचं कापड काढलं, गुणगुण चढवली, नंबरांची जुनी यादी जागेवर ठेवली. ती यादी ऑपरेटरसाहेबांच्या जुन्या यंत्रावरून मुलीनं जपून ठेवली होती. सगळं पहिल्या झटक्यात चाललं. वाचक बोलला, 'गुणगुण. यादी. नऊ हजार एकोणचाळीस गाणी.'

"अरे वा," ऑपरेटरसाहेब म्हणाले. खुर्ची सरकवून घेतली, बोटं कळांवर ठेवली. चार आकडे दाबले. एक गाणं लागलं. त्यांनी मान हलवली, ते बंद केलं, दुसरे चार आकडे दाबले. लागलं ते गाणं ऐकताना त्यांच्या कपाळाला आठ्या पडल्या. तिसऱ्यांदा बोटं वर उचलली आणि तशीच हवेत राहिली.

"साहेब, नंबर गेले," ते हळू म्हणाले.

"नंबर तेच आहेत. मी तपासलेत."

"तुमच्याकडचे नव्हेत हो. माझ्याकडचे."

काका घाईनं म्हणाले, "यादी वाचून घेता येईल. हा बोलतो आता सगळी यादी. पंधरा-वीस दिवसांत परत—"

"येईल की. पण तेव्हा मी बासष्टचा होतो, आता सत्तरी उलटली." त्यांनी बोटं खाली घेतली आणि मांडीवर ठेवली. "वर्षभर लावले नाहीत, तर एकेक निघून गेले. पहिल्यांदा वाटलं, राहतील. रोज सकाळी मनातल्या मनात म्हणून बघायचो. मग एक दिवस म्हणायचं राहिलं."

मुलगी ओशाळून म्हणाली, "मीच यंत्र बदलून घेतलं. मला काय माहीत की..."

"तू कशाला मनाला लावून घेतेस," ऑपरेटरसाहेब म्हणाले. मग पाहुण्याला बरं वाटावं म्हणून त्यांनी फळीवरच्या गोल स्पीकरकडे तोंड करून एका गाण्याचं नाव घेतलं. तो त्यांना मुलीनं आणून दिला होता. नाव सांगितलं की लावायचा. त्यानं ते गाणं लावलं, पण भलत्याच कुणाच्या आवाजातलं, नव्या वाद्यांवरचं.

"हे ते नव्हे," ऑपरेटरसाहेब म्हणाले. "पण चाल तीच आहे. चालवून घ्यायचं."

तिघांनी ते गाणं शेवटपर्यंत ऐकलं. काका निघाले तेव्हा ऑपरेटरसाहेबांनी त्यांचा हात दोन्ही हातांत धरला, बोटं चाचपली. "प्लास्टर?" विचारलं. काका हो म्हणाले. "गुणगुण राहू दे यंत्रावर," ते म्हणाले. "काढू नका." मुलगी जिन्यापर्यंत सोडायला आली, आणि जिन्यात हळूच म्हणाली की बाबा आता बसणार नाहीत, पण तुम्ही आलात हे फार झालं.

पुढे काकांनी नवी आवृत्ती संग्रहाकडे पाठवली. ती तिथे चार महिने पडून राहिली. नियम असा की दुसऱ्या कुणीतरी ती तपासून हमी द्यायची, आणि दुसरं कुणी उरलं नव्हतं. सहाव्या महिन्यात लायब्ररीची पुन्हा नवी आवृत्ती आली. काकांनी एकदा कंपाइल करून पाहिलं. एकतीस चुका. एके काळी अकराशे सत्तर उपसल्या होत्या त्यांनी. या एकतीस त्यांनी वरपासून खालपर्यंत वाचल्या आणि खिडकी बंद केली.

गुणगुणच्या पानावर त्यांनी लिहिलं की यापुढे या प्रोग्रामची देखभाल होणार नाही, ज्याला हवा त्यानं घ्यावा. तीन जणांनी ते वाचल्याची नोंद पडली. कुणी घेतला नाही.

दंतवैद्य मुलीनं त्याच वर्षी जबड्याचं चित्र काढून कवळी कोरणारं यंत्र घेतलं. काकांना तिनं समोर बसवून, नीट सांगितलं. जुन्या, अवघड केसेस अजून त्यांच्याकडे येतात, आठवड्यातून दोन दिवस पुरतील एवढ्या. बाकी दिवस ते घरी असतात. बायकोला पडद्यांच्या घड्या घालायला मदत करतात, आणि कोपरे जुळत नाहीत म्हणून तिची बोलणी खातात. एकदा तिनं विचारलं, ऑपरेटरसाहेबांचं काही पत्र?

"नाही," काका म्हणाले. "मीही लिहिलं नाही."

"लिहा की."

"काय लिहू?"

तिनं घडी पुन्हा उलगडली, दोन टोकं त्यांच्या हातात दिली आणि म्हणाली, "ताणून धरा. सैल सोडू नका."